फुकटातल्या वायरींची साडेसाती

असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग आणून घरीच जोडायचा, कॉम्प्युटर करायचा ठरला की घरात प्रोसेसरवरून वाद होतात, ग्राफिक्स कार्डावरून अबोले होतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांत घासाघीस करून पाचशे रुपये वाचवले की माणूस स्वतःवरच खूश होतो. केबलींबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. त्या फुकटच येतात ना! माझं ठाम मत असं आहे की या धंद्यात वस्तूची किंमत आणि तिने दिलेला मनस्ताप यांचं प्रमाण व्यस्त असतं. पंचवीस हजारांचा प्रोसेसर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून ठेवला की गुपचूप बसतो. रॅमची खाच जुळली की दोन्ही टोकं दाबायची, खट्‌ आवाज येतो, संपलं. खरं घोडं पेंड खातं ते वायरींपाशी.

सुरुवात एसएमपीएसपासून, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापासून. त्यातून निघणारी सगळ्यात जाडजूड केबल २४ पिनांची. ती मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीच्या, उजव्या कडेला जाते, आणि बसायला एवढा जोर लागतो की बोर्ड वाकतो. खालून बोटाचा आधार द्या आणि खटका अडकेपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली २४ पिनी केबल लांबून अगदी पूर्ण बसल्यासारखी दिसते.

दुसरी, प्रोसेसरची आठ पिनांची. हिचं सॉकेट बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसवल्यावर कुठल्याही मानवी हाताला प्रवेश नाही. म्हणून बोर्ड कॅबिनेटमध्ये घालतानाच ही केबल मागच्या भोकातून वर ओढून घ्यायची. ही विसरली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच. अशा वेळी रॅमला, विंडोजला आणि दुकानदाराला शिव्या देण्याआधी तो कोपरा बघावा.

आता खरी गंमत. ग्राफिक्स कार्डाची केबलसुद्धा आठ पिनांचीच. प्रोसेसरची चार अधिक चार अशी फुटते, कार्डाची सहा अधिक दोन. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट्यापालट्या आहेत. चूक होऊ नये म्हणून काही पिनांची घरं चौकोनी आणि काहींचे कोपरे कापलेले असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी सहजासहजी जात नाही. ‘सहजासहजी’ हा शब्द महत्त्वाचा, कारण जोर लावण्यात आपल्याकडे कुणी मागे हटत नाही. पूर्वी पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळी ग्राउंड, असं निदान डोळ्यांना कळायचं. आता शोभेसाठी सगळ्याच काळ्या.

मॉड्यूलर, म्हणजे केबली सुट्या करता येणारा, एसएमपीएस असेल तर माळ्यावरची पिशवी खाली काढू नका. प्रत्येक घरात ती असते, ‘पुढे कधीतरी लागतील’ म्हणून जपलेल्या वायरींची. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला छान बसते आणि तिथेच घात होतो. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो वेगळा. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जाते, आणि तिच्याबरोबर मुलांच्या बारशापासूनचे फोटो.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेब सोपा आहे. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ वॉट, सहा पिनांच्या केबलीतून ७५, आठ पिनांच्या केबलीतून १५०. कार्डाला दोन आठ पिनी लागत असतील तर एकाच केबलीची दोन टोकं वापरण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबल लावाव्यात. मोठ्या नव्या कार्डांना १६ पिनांचं एकच बारकं सॉकेट असतं. त्याच्या मूळ अवताराचं नाव १२व्हीएचपीडब्ल्यूआर. त्यातून ६०० वॉटपर्यंत वीज जाते आणि २०२२ साली ही सॉकेटं वितळल्याच्या बातम्या आल्या. एक मोठं कारण निघालं अगदी साधं: प्लग शेवटपर्यंत बसलेला नसणं. पुढच्या १२व्ही-२×६ प्रकारात चार संदेशपिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड सुरूच होऊ नये. तरीही प्लग पूर्ण दाबायचा आणि त्याच्यापासून साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवूनच वळवायची. कॅबिनेटची काच त्या वायरीवर दाबून बसवणाऱ्याला मी हात जोडतो.

इथवरचं सगळं जाड होतं, दिसत होतं. आता कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या वायरी. बोर्डच्या खालच्या कोपऱ्यात नऊ पिना, दोन रांगांत, दहावी जागा रिकामी. बहुतेक बोर्डांवर एका रांगेत पॉवर एलईडीची जोडी आणि पॉवर स्विचची जोडी, दुसऱ्या रांगेत हार्ड डिस्क एलईडी आणि रिसेट. पिनांची नावं शेजारीच छापलेली असतात, मुंगीला चष्म्याशिवाय वाचता येतील इतक्या अक्षरांत. मॅन्युअलमधला नकाशा मोबाइलवर मोठा करून समोर ठेवा आणि टॉर्च कुणाला तरी धरायला द्या. धरणारा माणूस दर मिनिटाला ‘झालं का?’ विचारेल, त्याला इलाज नाही.

दिलासा एवढाच की स्विचच्या वायरींना उलटसुलट नसतं, कशाही लावा. एलईडीला अधिक-उणे असतं, पण उलटी लागली तर फक्त पेटत नाही, जळत काही नाही. काही कॅबिनेटांत पॉवर एलईडीचा प्लग तीन घरांचा येतो आणि बोर्डवर पिना शेजारीशेजारी दोन. तेव्हा दोन सुट्या घरांच्या वायरी शोधायच्या किंवा त्या दिव्याशिवाय आयुष्य काढायचं. कॉम्प्युटर चालू आहे हे पंख्यांच्या आवाजावरून कळतंच.

यूएसबी २.० आणि पुढच्या हेडफोनच्या वायरी दोन्ही नऊ पिनांच्याच. फरक गाळलेल्या पिनेचा: यूएसबीत नववी नाही, ऑडिओत आठवी. ऑडिओची जागा बोर्डच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, म्हणजे वायर नेमकी दोन बोटं कमी पडेल अशी. यूएसबी ३.० ची १९ पिनी केबल वाकता वाकत नाही, रुसलेल्या जावयासारखी. तिला सरळ उभी धरून बसवा, तिरकी दाबलीत तर पिना वाकतात. काढताना ओढलीत तर बोर्डवरचं प्लास्टिकही प्लगबरोबर हातात येतं. या सगळ्या वायरी ग्राफिक्स कार्ड बसवण्याआधी लावायच्या. नंतर हात जातो, बोटं वळत नाहीत.

पंख्यांचं फारसं काही नाही. तीन पिनांचा पंखा चार पिनांवर चालतो, आणि कूलरचा पंखा ‘सीपीयू फॅन’वरच लावायचा, नाहीतर सुरू होतानाच बोर्ड तक्रार करतो. रंगीत दिव्यांचं मात्र जपून. तीन पिनांचे ५ व्होल्टचे, चार पिनांचे १२ व्होल्टचे. पाचवाले बारावर रेटून बसवले की कायमचे विझतात.

साटा, म्हणजे वायरींनी जोडायची, डिस्क असेल तर दोन वायरी, विजेची १५ पिनांची आणि डेटाची ७ पिनांची. डिस्क दिसतच नसेल तर मॅन्युअलमधली बारीक टीप वाचा: काही बोर्डांवर एम.२ चा, म्हणजे थेट बोर्डवर बसणाऱ्या चपट्या डिस्कचा, एखादा स्लॉट भरला की ठरावीक साटा पोर्ट बंद पडतात.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात, मदरबोर्डात नाही. हे वाक्य वाचून हसणारेच ती मदरबोर्डात लावतात. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी किरकोळ असतो, पण सवय लावून घेण्यासारखी ती गोष्ट नाही.

झिप टाय आत्ताच आवळू नका. एसएमपीएसचा मागचा स्विच चालू करा, पुढचं बटण दाबा. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतो, काही मिनिटं पडदा काळा राहतो. बोर्डच्या कडेला डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, बारीक दिवा पेटलेला दिसेल. पंखे फिरत आहेत, वायरी पुन्हा उपसायला हात शिवशिवत आहेत, बाजूला ‘मी म्हटलं होतं रेडिमेड घेऊ’ सुरू झालंय. अशा वेळी उठून चहा टाकावा. सगळ्यांसाठी, म्हणजे जास्त वेळ लागतो.