फायबरग्लासच्या खुर्च्यांना ऑइल पेंट फासणे आता पुरे करा

जुन्या फायबरग्लासच्या खुर्च्यांवर ऑइल पेंटचे हात मारून त्या ‘नव्यासारख्या’ म्हणून विकणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने १९५० साली बाजारात आणलेल्या खुर्च्यांपासून या घडणीचे सारे सौंदर्य एकाच गोष्टीत आहे: रंग वरून लावलेला नसतो, तो काचेचे धागे घट्ट धरून ठेवणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनमध्येच, म्हणजे प्लॅस्टिकच्या राळेतच, कालवलेला असतो आणि त्यातून ते धागे विस्कटलेल्या केसांसारखे दिसत राहतात. नेमके तेच झाकून टाकायला हात कसा धजावतो?

जुन्या बाजारातून मी घेतलेल्या दोन खुर्च्यांवर विक्रेत्याने चकचकीत तपकिरी पेंट चढवला होता, तोही धूळ न पुसता, प्राइमर न लावता आणि पाय जोडण्यासाठी तळाशी चिकटवलेल्या रबरी चकत्याही न वगळता. एका कडेचा पोपडा नखाने उडाला, तेव्हा खाली सुरेख हळदी रंग दिसला. एवढे करून या उपद्व्यापाचे वेगळे पैसेही त्याने लावले होते!

पेंट काढायला गेलो तर पुढचा मनस्ताप. हार्डवेअरच्या दुकानदाराने कशावरचा पेंट काढायचा आहे हे न विचारताच लोखंडी ग्रिलसाठीचा मिथिलीन क्लोराइडवाला रिमूव्हर काढून दिला आणि वर ‘सगळ्यावर चालतो’ असे छातीठोकपणे सांगितले. बैठकीच्या खालच्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर तो लावून पाहिला, तर पेंट सुरकुतून सुटलाच, पण त्याखालचे रेझिनही चिकट झाले आणि धागे वर उठले. हे द्रव्य पॉलिएस्टरलाही सोडत नाही, हे डब्यावर एका ओळीत छापायला काय हरकत आहे? त्याच्या वाफेने माणसे दगावली म्हणून अमेरिकेने २०१९ साली असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. आपल्याकडे मात्र ते हातमोजे आणि मोकळी हवा यांविषयी चकार शब्द न काढता हातात ठेवले जातात.

पेंटरला विचारले, तर तो ग्राइंडर मारायला निघाला. ग्राइंडरने रेझिनचा वरचा थर उडाला की उघडे पडलेले धागे बसणाऱ्याच्या कपड्यांत अडकतात, अंगाला खाज सुटते आणि ती काचेची धूळ घशात जाते ती वेगळीच.

शेवटी उरते ते हातानेच, मास्क लावून करायचे काम. प्लॅस्टिकच्या पट्टीने पोपडे सोडवायचे आणि चिकटून राहिलेला पेंट पाणी लावून बारीक वॉटर पेपरने, खालचा रंग दिसू लागताच हात आवरत, हलकेच घासायचा. पाठ जिथे बैठकीला मिळते त्या खळग्यात ओघळून साचलेला जाड थर तर तळहाताएवढा सुटायलाही अख्खी संध्याकाळ खातो. ज्याने हा पेंट दहा मिनिटांत फासला, त्याला हे कष्ट कधीच दिसणार नाहीत. रंगवायची एवढीच हौस असेल, तर लोखंडी कपाटे रंगवा. या खुर्च्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि त्यांच्या चरे-डागांसकट विका, आम्ही त्या तशाच घेऊ.