सरकारी नोकरीला नव्याने लागलेल्यांसाठी काही मोलाचे सल्ले

अभिनंदन! सरकारी नोकरी लागली, आता ती टिकवायची कशी हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही म्हणून मी सांगतो. माझी पात्रता विचाराल तर नुकतीच माझी बदली झालीय, शुक्रवारी संध्याकाळी ऑर्डर हातात, सोमवारी हजर व्हा. घर उत्तर गोव्यात डिचोलीला, ऑफिस पार दक्षिणेला काणकोणला. नकाशा बघा.

तर पहिलं म्हणजे, न झालेल्या कामाचं बिल टेबलावर आलं की सही करा. रस्त्याला कुदळ लागलेली नसते पण एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, लांबी, रुंदी, जाडी सगळं इतक्या सुंदर अक्षरात भरलेलं असतं की मन भरून येतं. कलेचा आदर करायला शिका.

फाईलवर काही लिहायचंच असेल तर 'प्लीज स्पीक', म्हणजे समक्ष येऊन बोला. बस्स.

तरी हात शिवशिवलेच तर गोपनीय तक्रार करा. निनावी नको हां, निनावी कचऱ्यात जाते. नाव, हुद्दा, सही सगळं घाला आणि पाकिटावर ठळक 'गोपनीय' लिहा, म्हणजे आवकवाल्यांना कळतं की हे आधी फोडायचं. मग ते पत्र वरच्या खात्यात जातं, तिथून मधल्या टेबलावर, आणि तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का घेऊन नेमकं त्याच साहेबाकडे येतं ज्याच्याविरुद्ध ते लिहिलंय. माझं आलं. झेरॉक्स पण नाही, ओरिजिनल, सहीसकट, आणि साहेबांनी ते माझ्यासमोर ठेवून विचारलं, तुझंच अक्षर ना रे हे? कार्यवाही मात्र अगदी योग्य झाली, आधी मेमो, मग सीआरमध्ये, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालात, खराब शेरा, मग काणकोण. सत्येंद्र दुबे नावाचा इंजिनिअर होता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला गैरव्यवहार कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती करून, आणि ते पत्र त्याच्या नावासकट खात्याखात्यांत फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. तपासवाले म्हणाले लूटमार. गदारोळ झाला म्हणून २००४ मध्ये केंद्राने ठराव काढला, दक्षता आयोगाकडे या, नाव झाकून ठेवू, पण तो केंद्राच्या माणसांबद्दल, आम्ही पडलो राज्याचे. मग संसदेने व्हिसल ब्लोअर्सचा कायदा केला, त्यात राज्यंही घेतली, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, तक्रारदाराचं नाव फोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. वाचूनच छाती फुगते. फक्त तो लागू कधीपासून ती तारीख राजपत्रात छापायची राहिलीय. २०१५ मध्ये त्यालाच पातळ करणारं बिल लोकसभेत पास करायला मात्र वेळ मिळाला (ते पुढे लॅप्स झालं, तेवढीच कृपा). तेव्हा बिनधास्त तक्रार करा, भिवपाची गरज ना.

व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर सुद्धा तोंड उघडू नका. घटनेचं भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ पाठ करून परीक्षा पास झाला असाल, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कामेश्वर प्रसादच्या केसमध्ये सांगितलंय की नोकरीत शिरल्याने मूलभूत हक्क जात नाहीत, पण सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतला नियम ९ पण वाचा. सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, स्वतःच्या नावाने नको, टोपणनावाने नको, निनावी पण नको. म्हणजे बघा, निनावी तक्रार घेत नाहीत, निनावी टीकेसाठी मात्र धरतात!

बदली रद्द करायला आमदाराकडे जा. त्याच वर्तणूक नियमांतला नियम २० म्हणतो असला दबाव आणू नये. हसू नका.

आणि लोकायुक्त? २०२० मध्ये निवृत्त होताना आपल्या गोव्याच्या लोकायुक्तांनीच सांगितलं की ही संस्था बंद करा, त्यांच्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नव्हती.

पुरे झाली मस्करी.

कॅन्टीनमध्ये माझी पाठ थोपटून 'बरं केलंस रे' म्हणणारे आणि चौकशीत 'आम्हाला काही माहीत नाही' असं लिहून देणारे जे माझे सहकारी आहेत, त्यांना लाज वाटायला पाहिजे. तो रस्ता तुमच्याच गावाला जातो, पावसात त्या खड्ड्यात तुमचीच पोरं स्कूटर घेऊन आपटणार. साहेबाबद्दल बोलत नाही, त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण वरच्या खात्यात बसून ज्याने ते पत्र शिक्का मारून खाली ढकललं, त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही, त्याला पक्कं माहीत होतं ते कुणाच्या हातात पडणार. दिल्लीने तारीख छापली नाही, मान्य, पण एका माणसाचं नाव झाकून पुढे पाठवायला तुम्हाला कुठल्या कायद्याने अडवलं होतं?