'पट्टी असताना कर्कटक कशाला?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

दोन रेषाखंड सारखे आहेत का ते आकडा न मोजता कर्कटकाने (कंपासपेटीतल्या दोन टोकदार पायांच्या साधनाने) ताडून बघा, असं सांगणाऱ्या माझ्या पोस्टखाली 'एक पालक' अशा नावाने प्रतिक्रिया आलीये. म्हणणं असं, की "पट्टी असताना कर्कटक कशाला? दोन्ही रेषाखंड मोजा, आकडे बघा, विषय संपला. नाटकं करून मुलांना गोंधळात टाकू नका." पुढे पोस्ट लांब आहे, युक्लिड (प्राचीन ग्रीक भूमितीकार) कशाला आणला, परीक्षेत वेळ कुठे असतो, वगैरे.

परीक्षेचं मान्य. घाईत पट्टीच बरी. पण 'नाटकं'? साहेब, हाच शब्द शाळेतल्या बाईंना तोंडावर बोलला असतात का? नाही ना, मग इथे नाव लपवून काहीही टाइप करायचं? दादरमध्ये शिकवण्या घेण्यात माझी हयात गेलीये, पोरं कुठे अडतात ते मला तरी सांगू नका.

आता ऐका. शिकवणीतल्या एका मुलीने समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू मोजल्या, एक आली 5.3 सेंमी, दुसरी 5.4, आणि तिने वहीत लिहून टाकलं, 'समद्विभुज नाही'. आकृती बरोबर होती हो! पट्टी जाड प्लास्टिकची, तिरकी बाजू मोजताना वही न फिरवता मान वाकडी करून वाचलं, झाला एक मिलिमीटर इकडचा तिकडे. मग कर्कटकाची दोन टोकं एका बाजूच्या दोन्ही शिरोबिंदूंवर ठेवायला लावली, फाक न हलवता उचलून दुसऱ्या बाजूवर. चपखल बसली. आकडा लागलाच नाही.

आणि मोजणं म्हणजे तरी काय? एक सेंटिमीटरचा रेषाखंड आधीच ठरलाय, तो आपल्या रेषाखंडात किती वेळा बसतो ते बघायचं. म्हणजे तुमची पट्टीसुद्धा तुलनाच करते, फक्त दोनदा करते, आणि दोन्ही वेळा वाचताना चुकायला वाव ठेवते. पट्टीवरच्या बारीक रेघा एकेक मिलिमीटरवर, त्याच्या आतला फरक तुम्ही अंदाजानेच सांगणार ना?

माझे वडील लालबागला एका गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. भोकात इनसाइड कॅलिपर (कर्कटकासारखाच, पण टोकं बाहेर वळलेला) घालायचे, पाय कडेला हलके घासले की बाहेर काढून ती फाक आउटसाइड कॅलिपरवर (ह्याची टोकं आत वळलेली) घ्यायची आणि तो त्या भोकात बसवायच्या शाफ्टवरून, म्हणजे दांड्यावरून, सरकवून बघायचा. बसतोय की नाही हे हाताला कळायचं, किती मिलिमीटर ते कोणी विचारायचं नाही. आता ही पण नाटकंच म्हणा, वडील काही उत्तर द्यायला येणार नाहीत.

युक्लिडबद्दल एवढंच, की त्याच्या 'एलिमेंट्स' ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातली तिसरी कृती मोठ्या रेषाखंडातून लहानाएवढा तुकडा तोडायची आहे आणि त्यात एकही आकडा नाही, कारण त्याच्या पट्टीवर खुणाच नव्हत्या. आवडत नसेल तर तो परिच्छेद सोडा. पोस्ट लांब वाटते तर तीही सोडा, मी काही फी घेत नाही वाचायची.

बाकी मुद्द्यांना उत्तर द्यावं असं त्यात काही दिसलं नाही. मुलाच्या वहीतला एखादा तिरका रेषाखंड पट्टीने दोनदा मोजून बघा, मधे चहा पिऊन या, दोन्ही आकडे इथे टाका. आणि पुढच्या वेळी नाव लिहा.