अठरा पायऱ्या

आमच्या रो-हाउसमध्ये माझा लिनक्सचा लॅपटॉप खाली असतो आणि बाबांचा विंडोजचा संगणक वर. मध्ये १८ पायऱ्या आहेत. सोसायटीच्या जमाखर्चाच्या तक्त्यातील एका रकान्यात आकड्यांऐवजी नुसत्या जाळ्या (#####) दिसू लागल्याची तक्रार वरून आली, तेव्हा जिना न चढता खालूनच दुरुस्ती करण्याचा आळशी विचार माझ्या मनात आला आणि रविवारची माती झाली.

दुसऱ्या संगणकावरून आत शिरू देणारी विंडोजची स्वतःची सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. होम आवृत्तीत तिच्यातून असा बाहेरून प्रवेश मिळतच नाही. बाबांकडे, दुर्दैवाने, प्रो होती. फोनवरून सूचना देत मी त्यांच्याकडून रिमोट डेस्कटॉप सुरू करवून घेतला आणि आयपी पत्ता विचारला. निवृत्त मराठी शिक्षक असल्यामुळे त्यांनी तो "एकशे ब्याण्णव, पूर्णविराम, एकशे अडुसष्ट, पूर्णविराम" असा शुद्धलेखन घातल्यासारखा सांगितला.

रेमिना हा दूरचा संगणक चालवायचा लिनक्सवरचा प्रोग्राम उघडून मी ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे रिमोट डेस्कटॉपच्या ठरलेल्या दारावर, धडकलो, तर पासवर्डची मागणी झाली. बाबा कित्येक वर्षे केवळ पिन टाकत आले आहेत. परंतु पिन फक्त त्या यंत्रासमोर बसणाऱ्याच्या कामाचा, बाहेरून येणाऱ्याला खात्याचा मूळ पासवर्डच द्यावा लागतो. तो गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडेपर्यंत माझा दोनदा चहा झाला.

अखेर बाबांचा पडदा माझ्यापुढे अवतरला. मी रकान्याला हात घालणार, तोच फोनवर आवाज आला, "अरे, इथं कुलूप लागलं!" या विंडोजमध्ये एका वेळी एकालाच बसता येते, मी आत शिरलो की समोरच्या माणसाचा पडदा बंद होतो. हे मी समजावून सांगण्यापूर्वीच त्यांनी तत्परतेने पिन टाकला आणि मी बाहेर फेकला गेलो. मी पुन्हा शिरलो, त्यांनी पुन्हा पिन टाकला. "बाबा, तुम्ही काही करू नका," असे मी चौथ्यांदा विनवले, तेव्हा "मी कुठं काय करतोय, नुसता पिन टाकतोय," असे उत्तर मिळाले.

शेवटी हात मांडीवर ठेवून बसण्याचे त्यांनी कबूल केले. रकाना केवळ अरुंद झाला होता. त्याच्या कडेवर दोनदा टिचकी मारताच आकडे दिसू लागले. मी बाहेर पडून फोन ठेवला. मिनिटभराने तो पुन्हा वाजला. कुलूप अजून तसेच होते आणि आता पिन टाकला तर चालेल का, हे बाबांना विचारायचे होते.