जातीचा विषय निघाला की काय करायचं

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला बसलात, एक्स्ट्रा तर्री अजून यायचीय आणि ग्रुपमधलाच एकजण सहज बोलून जातो की आपल्याला भाड्याने फ्लॅट बघताना आडनाव ऐकून कोणी "कळवतो" म्हणत नाही, हे पण प्रिव्हिलेजच आहे ना रे. घाबरू नका.

आधी दुखावले जा. लगेच. त्याने तुमचं नावसुद्धा घेतलेलं नाही, तरी पाव खाली ठेवायचा आणि म्हणायचं, "म्हणजे मी जातीयवादी का?" बघा कसं, घरमालक राहिला बाजूला आणि पुढची वीस मिनिटं सगळे तुमची समजूत काढतायत.

मग आजोबा काढा. आजोबा गरीबच पाहिजेत, वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी जेवून शिकलेले. आता वार लावायला गावात सात घरं मिळाली कशी, अन् कोणाच्या पोराला पाटावर बसवायचे, हे कोणी विचारायच्या आत विषय बदला. "मी जात मानतच नाही, माझा बेस्ट फ्रेंड त्यांच्यातलाच आहे." (त्यांच्यातला हा शब्द जरा हळू आवाजात.) कामवाल्या मावशींचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो तो हायजीनसाठी.

"हे सगळं जुनं झालं" ही लाईन नाशिककरांनी जपून वापरावी, कारण काळाराम मंदिर इथून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि कोणीतरी सांगतोच की 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी तिथे दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं रेटला, तरी दार उघडलं नाही, आणि मग 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला "हिंदू म्हणून मरणार नाही" ही घोषणा झाली. शांतपणे म्हणा, तेव्हा इंग्रज होते. दार इंग्रजांनीच लावून घेतलं होतं असं ऐकणाऱ्याला वाटलं तर वाटू द्या.

तरी ऐकत नसेल तर आरक्षण. मेरिटची कशी वाट लागली ते सांगा. भाच्याचं ईडब्ल्यूएसचं (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचं) सर्टिफिकेट काढायला तुम्हीच चार चकरा मारल्यात ते वेगळं, 2019 चे ते 10 टक्के मेरिटमध्येच धरतात.

एकच धोका. 2020 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवला तेव्हा गोऱ्यांनी आपलं प्रिव्हिलेज मान्य करावं असं स्टेटस तुम्हीच टाकलेलं, त्याचा स्क्रीनशॉट निघू शकतो. तो रेसिझम, तो वेगळा विषय. आणि 2023 मध्ये तिथल्याच सिॲटल शहराने भेदभावबंदीच्या कायद्यात जात घातली ती निव्वळ आपली बदनामी.

एवढ्यात तो बिचारा गप्प होऊन ताक पीत असेल. बिल त्यालाच देऊ द्या, आणि निघताना पाणी देणाऱ्या नवीन पोराच्या पाठीवर हात ठेवून प्रेमाने विचारा, कुठला रे तू, नाव काय?

नाही, पूर्ण नाव.