मुंबई की चेन्नई, हिशोब मांडायचा तर पूर्ण मांडा

आयपीएल जवळ आली की भारतातल्या मित्रांच्या ग्रुपवर तोच वाद पेटतो, मुंबई भारी की चेन्नई. 2025 पर्यंत दोघांच्या ट्रॉफ्या पाच-पाच, त्यामुळे वाद मिटत नाही आणि मग जो तो आपल्या सोयीचे सीझन पुढे करतो. मुंबईवाले म्हणतात फायनलला चारदा समोरासमोर आलो, 2010 सोडली तर 2013, 2015, 2019 तिन्ही आम्ही मारल्या. खरंय. पण चेन्नई 2016 आणि 2017 ला बंदीमुळे खेळलीच नाही, म्हणजे मुंबईचे सीझन 18 आणि त्यांचे 16, आणि त्या 16 मध्ये फायनल किती तर 10! मुंबईच्या 6. मी पक्का मुंबईवाला, तरी सातत्यात चेन्नईच पुढे आहे हे मान्य करायलाच हवं.

इथे इंग्लंडमध्ये फुटबॉलवाले पॉइंट्सवरून भांडतात आणि ते मला जास्त पटतं, कारण प्लेऑफची (शेवटी वरच्या टीममध्ये होणाऱ्या बाद फेरीची) भानगड नाही, 20 टीम, प्रत्येकीशी एकदा घरी एकदा बाहेर, 38 मॅच झाल्या की जो वर तो चॅम्पियन. तरी लिव्हरपूलचंच बघा, 2018-19 ला 97 पॉइंट्स काढून दुसरे, कारण मँचेस्टर सिटीचे 98, आणि 2024-25 ला 84 वर चॅम्पियन. मग आधीची टीम कमी होती म्हणायचं का? सोयीने मोजणारे इथेही आहेत. 1992 ला प्रीमियर लीग सुरू झाली तिथून ट्रॉफ्या मोजल्या तर मँचेस्टर युनायटेड 13 आणि लिव्हरपूल 2, त्याआधीच्या लीग धरल्या तर दोघांच्या 20-20.

आपल्या आयपीएलमध्ये तर 2022 पासून 14 मॅचमध्ये पाच टीमशी दोनदा आणि चौघींशी एकदाच खेळायचं, म्हणजे एकाच सीझनमध्येही सगळ्यांना सारखा पेपर नाही. रन्सचं तर विचारूच नका, बंगळुरूचा 2013 चा एका डावातल्या 263 रन्सचा रेकॉर्ड 11 वर्षं टिकला आणि 2024 मध्ये एकट्या हैदराबादने आधी 277 मग 287 ठोकले. इम्पॅक्ट प्लेअर (मॅच चालू असताना एकाच्या जागी दुसरा खेळाडू उतरवायचा नियम) आल्यावर एक जादा बॅट्समन मिळतो, तेव्हाचे 180 आणि आत्ताचे 180 एका तागडीत कसे घालणार?

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच, टीमची तुलना आधी त्याच सीझनच्या बाकी टीमशी करा, मग दोन सीझन शेजारी ठेवा. आणि वाईट वर्षं गाळू नका, मुंबई 2022 आणि 2024 ला तळाला होती, चेन्नई 2025 ला.