डायलिसिस, खाज आणि एक चुकीचा संदेश

‘डायलिसिसच्या यंत्रातले रसायन रक्तात उतरून मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो; खाज सुटली की तो सुरू झाला समजा, गाठीला सुई लावू देऊ नका आणि डायलिसिस बंद करा,’ असा संदेश बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत फिरतो आहे. त्यात कर्करोगाचे नाव तेवढे खरे आहे.

प्रथम रसायनाविषयी. डायलिसिसच्या द्रवात शुद्ध केलेले पाणी, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि बहुधा ग्लुकोज असते. हे निरोगी माणसाच्या रक्तातही असतेच, आणि त्यांतले काही घटक यंत्रातल्या गाळणीच्या पातळ पडद्यातून रक्तात जातात हा उपचाराचाच भाग आहे. या कर्करोगामागे मुख्यतः दोन कारणे आढळतात: उन्हातील अतिनील किरणे आणि पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधलेला, सुमारे ८० टक्के गाठींत सापडणारा मर्केल सेल पॉलिओमा विषाणू. हा विषाणू बहुतेकांच्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहतो. मात्र मूत्रपिंडे निकामी झाली की प्रतिकारशक्ती मंदावते, प्रत्यारोपणानंतर तर ती औषधांनी मुद्दाम दाबावी लागते, आणि तेथे धोका वाढतो. आजाराचा दोष संदेशाने उपचाराच्या माथी मारला आहे.

डायलिसिस बंद केल्यास पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकते, आणि त्याला वर्षे लागत नाहीत.

खाजेबद्दलचा दावा तर नेमका उलटा आहे. डायलिसिसच्या रुग्णांना कोरड्या त्वचेमुळे आणि वाढलेल्या फॉस्फरसमुळे खाज सुटणे नेहमीचेच. मर्केलची गाठ मात्र बहुधा खाजत नाही, दुखतही नाही. ती लालसर किंवा जांभळट, टणक असते, बहुतेकदा पन्नाशीनंतर चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर येते आणि काही आठवड्यांतच वाढते. हा रोग गोऱ्या वर्णाच्या लोकांत अधिक, आपल्याकडे फारच दुर्मीळ. तरीही उसाच्या फडात किंवा तंबाखूच्या शेतात जन्म उन्हात काढलेल्या रुग्णाने अशी गाठ केसतोड समजून हळदीच्या लेपावर महिनाभर काढू नये.

सुईने, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्याने, कर्करोग पसरतो ही भीतीही निराधार आहे; उलट तुकडा तपासावाच लागतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ फुप्फुसाच्या एका कर्करोगासारखी दिसत असल्याने विशेष रंगद्रव्ये वापरल्याशिवाय निदान पक्के होत नाही. काळजी घ्यायची ती वेगळीच: डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्यामुळे तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांना डायलिसिसचे वार आधी सांगावेत, म्हणजे ते मधला दिवस निवडतील.